धावड्याच्या माळावरचे खुंट

कृषी सहायक म्हणजे नेमकं काय, हे मला घरच्या माणसांनाही कधी धड सांगता आलं नाही. माझ्या सासऱ्यांची शेवटपर्यंत समजूत होती की जावई सरकारी खताचं दुकान सांभाळतो. गावात तलाठी म्हटलं की लोकांना सातबारा आठवतो, ग्रामसेवक म्हटलं की घरपट्टी. कृषी सहायक दिसला की विचारतात, "औंदा सोयाबीनवर कोन्तं औषध मारावं?" नोकरीत होतो तेव्हा ते सांगत होतो, निवृत्त झालो तरी सांगतोच. पण तुम्ही इतक्या वर्षांत केलंत काय, असं कोणी विचारलं तर माझ्या डोळ्यांपुढे सोयाबीन येत नाही. सेनगावच्या वरच्या अंगाला एक माळ आहे, तो येतो.

गावाचं नाव लिहीत नाही. माणसं अजून तिथं राहतात, त्यांची नावंही मी बदलली आहेत. माळाला मात्र त्याच्याच नावानं हाक मारतो, धावड्याचा माळ.

मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आम्ही परभणीचे. अठ्ठावीस वर्षांचा होतो, कृषी पदविका पहिल्या वर्गात पास. सायकल झाडाला लावावी म्हणून इकडंतिकडं पाहिलं, तर झाडच नव्हतं. नाव धावड्याचं आणि धावडा औषधालाही नाही. नजर जाईल तिथवर गुडघाभर उंचीचे खुंट. मध्येमध्ये काळे गोल डाग, बैलगाडी वळेल एवढाले. तिथं गवताची काडी नव्हती.

माळाच्या पायथ्याला नऊ घरांचा तांडा होता आणि माळ त्या नऊ घरांच्या नावावर होता. पूर्वी वर सागवान होतं, टेंभुर्णी होती, पण खरा मान धावड्याचा. लाकूड असं चिवट की गाडीचा कणा आणि कुऱ्हाडीचा दांडा याचाच करायचा. एका दुष्काळात ठेकेदार आला आणि त्यानं उभी झाडं घेतली. तोडायला माणसं तांड्यातलीच लावली. झाडं यांची, कुऱ्हाडी यांच्या, कुऱ्हाडीचे दांडेही त्याच माळावरचे. ट्रक तेवढा ठेकेदाराचा. जाड लाकूड ट्रकमध्ये गेलं. बारीक लाकडाचा जागेवरच भट्ट्या लावून कोळसा केला. ते काळे डाग म्हणजे त्या भट्ट्यांच्या जागा.

झाड तुटलेल्या जमिनीचं काय होतं, ते शेती नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पाऊस आधी पानावर पडतो, मग पाचोळ्यावर, मग मातीवर. मधलं काढलं की तो सरळ मातीवर आपटतो आणि माती घेऊन खाली पळतो. चार पावसाळ्यांत वर मुरूम उरतो. खाली विहीर असेल तर ती गाळानं भरते. गुरं वर जातात, काही नसतं म्हणून येईल तो कोंब खातात, आणि त्यांच्या खुरांनी उरलेला मुरूमही सुटतो. तांड्याच्या विहिरीचं पाणी तेव्हा माघातच तळाला जायचं.

त्या वेळी रोजगार हमीतून फळबाग लावायची योजना नवी होती. मजुरी, खड्डे, कलमं सगळं सरकारकडून. माझ्या वाट्याला आलेल्या गावांत पडीक जमीन सर्वांत जास्त याच माळावर होती. वरून आदेश होता की जमीन साफ करा, खुंट काढा, खड्डे घ्या, आंबा लावा. मी नकाशा केला, दोरी ताणली, चुन्याच्या रेघा मारल्या. रेघा अगदी सरळ आल्या होत्या. मला त्याचा अभिमान वाटला होता, हेही लिहून टाकतो.

तांड्याचे प्रमुख फुलसिंग नाईक. वय पंचावन्नच्या आसपास, उंच, कमी बोलणारे. आपसात ती बंजारा मंडळी गोरमाटी बोलत, माझ्याशी मराठी. रेघा मारून झाल्यावर नाईक जवळ आले.

"सायब, खुंट काहून काढून राहिले?"

"कलमं लावायची आहेत नाईक. खुंट राहिले तर कलमांचं पाणी खातात."

"मेलेला खुंट पानी खात न्हाई. आन पानी खात आसंल तर तो जित्ता हाय. जित्ता हाय तर उपटता काहून?"

मी पिशवीतून परिपत्रक काढून दाखवलं. नाईकांनी ते हातात घेतलं, उलटं धरून पाहिलं, परत दिलं आणि कामाला लागले. मजुरी हवी होती, पोटाचा प्रश्न होता. खालच्या उतारावरचे सगळे खुंट त्या उन्हाळ्यात पहारीनं उपटले गेले.

एकाच घरानं नकार दिला. झमकूबाई विधवा होती, चाळिशी ओलांडलेली. चौतीस बकऱ्या आणि माळावर साडेतीन एकर, एवढा तिचा संसार. मजूर तिच्या तुकड्यात शिरले तेव्हा ती एका खुंटावर जाऊन बसली.

"मावशी, उठा. सरकारी काम आहे."

"खुंट उपटायचा तर मला बी उपटा."

मी अर्धा तास समजावलं. ती तंबाखू मळत ऐकत होती. शेवटी मी वहीत लिहिलं, 'लाभार्थीचे सहकार्य नाही', आणि तिचा तुकडा सोडून रेघ पुढं नेली.

पावसाळा लागला. आषाढात एका दुपारी ढग असा फुटला की तासाभरात माळावरून लाल पाण्याचे पाट निघाले. खुंटांची मुळं इतकी वर्षं उतार धरून होती, हे मला त्या दिवशी दिसलं. मुळं उपटल्यामुळं सगळा मुरूम मोकळा झाला होता. तो खड्ड्यांत भरला, कलमं गाडली गेली आणि बाकीचा गाळ सरळ तांड्याच्या विहिरीत उतरला. दुसऱ्या दिवशी विहिरीत माणूस उतरवला तर गाळ कमरेला लागला. वाचलेल्या कलमांना बायकांनी डोक्यावर घागरी वाहून पाणी घातलं. मुरमात पाणी ठरेना. होळीपर्यंत एकूण एक कलम वाळलं. मला कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

चैत्रात मी पंचनाम्यासाठी गेलो. उपटलेल्या उतारावर काहीच नव्हतं. शेजारी झमकूबाईचा तुकडा होता, आणि भर उन्हाळ्यात तो हिरवा होता. प्रत्येक खुंटाला दहा-बारा फुटवे. बकऱ्यांनी शेंडे खाल्लेले, तरी खालून नवे आलेले. फुटव्यांच्या सावलीत पाचोळा साठला होता, पाचोळ्याखाली हात घातला तर माती गार लागली. त्या मातीत सीताफळाची बोटभर रोपं आपोआप उगवली होती. बांधाला रानबोरीची जाळी होती.

झमकूबाई बकऱ्या घेऊन येत होती. मी विचारलं, "मावशी, बकऱ्या चरतात तरी हे टिकलं कसं?"

ती म्हणाली, "बकरी शेंडा खाती सायब, मूळ न्हाई खात. तुमी मूळ खाल्लं."

हे वाक्य मला निवृत्तीच्या समारंभातल्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त पाठ आहे.

तिथून मी नाईकांच्या घरी गेलो आणि चूक माझी होती असं सांगितलं. परिपत्रकाचं नाव घ्यायचा मोह झाला होता, पण घेतलं नाही. नाईक म्हणाले, "तुमी खुंट उपटले. पर झाडं आमी पाडली. पयली कुऱ्हाड म्याच घातली. मी नाईक, म्हून समदे म्हन्ले, पयला घाव तुमचा. आता काय करायचं ते बोला."

"तुम्ही सांगा नाईक. या वेळेला मी लिहून घेतो."

दोन दिवस आम्ही माळ पायी फिरलो. वरच्या उतारावर खुंट शाबूत होते. ठरलं ते असं. खुंट राखायचे, प्रत्येकावर दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे छाटायचे, म्हणजे सगळा जीव त्या दोघांत जाईल. उताराला आडवे, एकाच पातळीवर चर खणायचे, म्हणजे पाणी धावायच्या ऐवजी तिथंच मुरेल. मधल्या जागेत गवत. सीताफळ जिथं स्वतःहून येतं तिथंच वाढवायचं. रानबोरी तोडायच्या नाहीत, त्यांच्यावर चांगल्या बोराचा डोळा भरायचा, म्हणजे कलम करायचं. आंब्याचं नाव काढायचं नाही.

आमच्या मंडळ अधिकाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. भला माणूस. म्हणाले, "अरे, फॉर्मात खुंटाला रकाना नाही."

"मग काय लिहू साहेब?"

"स्थानिक वृक्षांचे संगोपन असं लिही. संगोपन म्हटलं की कोणी विचारत नाही."

हे सगळं कागदावर बसलं, पण एक अडचण उरली, ती मोठी होती. तीन वर्षं माळावर गुरं सोडायची नाहीत. चराईबंदी केल्याशिवाय गवत धरत नाही आणि फुटवे झाड होत नाहीत. नाईकांनी आपल्या आठ गाईंपैकी सहा विकल्या, कोणी सांगायच्या आधीच. पण झमकूबाईचं पोट बकऱ्यांवर होतं. जिच्यामुळं मला अक्कल आली, तिचीच वाट मी बंद करत होतो. तांड्याच्या बैठकीत ती काही बोलली नाही. मला वाटलं, मान्य आहे.

चार दिवसांनी मी कार्यालयात अहवाल लिहीत बसलो होतो. शिपाई आला. "बाहेर एक बाई आली हाय. बकरी घिऊन."

झमकूबाई एसटीनं आली होती. कंडक्टरनं बकरी कशी चढू दिली, ते मला आजवर कळलेलं नाही. तिनं बकरी माझ्या सायकलीला बांधली होती आणि ती कार्यालयापुढची शोभेची रोपं निवांत खात होती.

"सायब, ही गाभन हाय. तीन वर्स तुमी संभाळा. दूध तुमाला, लेंड्या सरकारला. बाकीच्या तेहतीस उद्या परवा आनते. एका खेपेला कंडक्टर एकच घेतो."

सगळं कार्यालय बाहेर आलं. कोणीतरी हसलं. ती हसली नाही. मंडळ अधिकारीही बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं पाहिलं. "ही बाई बराबर बोलतेय," म्हणाले. "जा, तोडगा काढून ये."

तोडगा निघाला. ओढ्याकाठची पट्टी बकऱ्यांना मोकळी ठेवली. सगळ्या माळावर छाटलेले फुटवे झमकूबाईचे. ते तिनं घरी नेऊन बकऱ्या बांधून चाराव्यात. आणि माळाच्या राखणीचं काम तिच्याकडं, रोजगार हमीच्या हजेरीवर. राखण तिनं अशी केली की शेजारच्या गावचे गुराखी माळाच्या चढाला पाय लावीनात. तरी बांधून चारायला चौतीस बकऱ्या झेपत नाहीत. हळूहळू दहाच राहिल्या. आधी तिच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. त्या दिवाळीला अंगण झाडून, सारवून मोकळं दिसलं आणि मला बरं वाटलं नाही.

गवताची गंमत वेगळीच. लोकांना वाटतं गवत म्हणजे गवत. बंदी केली की पहिल्या वर्षी येतं ते कुसळी. दुरून माळ हिरवागार दिसतो, साहेब लोक फोटो काढतात. पण कुसळीच्या बियांना सुईसारखं टोक असतं. ते गुरांच्या तोंडात रुततं, माणसाच्या धोतरात घुसतं. नाईकांनी पायातली कुसळं उपटत विचारलं, "हेच का तुमचं कुरन?" मी म्हटलं, धीर धरा. बी यायच्या आत कुसळी कापायची, असं दोन वर्षं केलं की पवन्या आणि मारवेल वर येतात. ही खरी चाऱ्याची गवतं.

मी मारवेलचं बी पोत्यानं आणलं आणि पाऊस लागायच्या आठवडाभर आधी मुरमावर फेकून दिलं. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली होती. ते पोतं जवळजवळ सगळं मुंग्यांनी नेलं. नाईक म्हणाले, "मुंग्या तुमाला दुवा देतील." पुढच्या वर्षी बी ओल्या मातीत आणि शेणात कालवून, काठीनं रेघ ओढून, रेघेत टाकलं. ते उगवलं. तिसऱ्या वर्षी बायका विळे घेऊन वर गेल्या आणि डोक्यावर पवन्याचे भारे घेऊन खाली आल्या.

बोरीचं काम मला सर्वांत आवडीचं. रानबोर म्हणजे काटा, आणि वाटाण्याएवढं फळ, त्यात अर्धी बी. पण तिचं मूळ मुरूम फोडून खोल जातं, तिला घागरीनं पाणी घालावं लागत नाही. उन्हाळ्यात ती जमिनीलगत छाटायची. पावसाळ्यात पेन्सिलीएवढा फुटवा आला की त्याच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या उमराण बोराच्या फांदीवरचा एक डोळा सालीसकट अलगद काढायचा, चिरेत बसवायचा, पट्टीनं बांधायचा. डोळा फुटला की वर झाड उमराणचं आणि खाली मूळ रानाचं. चाकू चालवायला हात हलका लागतो. मी तांड्यातल्या सगळ्यांना शिकवलं. सर्वांत चांगला हात निघाला नाईकांचा. ज्या हातानं आयुष्यभर कुऱ्हाड चालवली, त्या हातात तो बोटभर चाकू बघून बायका हसायच्या. पण त्यांचे दहातले आठ डोळे धरायचे, माझे सहा.

आता आगीचं सांगायला पाहिजे. ते मला सोपं जात नाही.

चौथं वर्ष. फाल्गुन संपत आलेला, गवत कमरेएवढं वाळून उभं. वाळलेलं गवत म्हणजे बारूद. म्हणून माळाच्या चारी बाजूंनी दोन वाव, म्हणजे बाराएक फूट, रुंदीची पट्टी गवत कापून, झाडून साफ करायची असते. तिला जाळपट्टा म्हणतात. बाहेरची आग तिथं येऊन थांबते. त्या वर्षी तीन बाजूंचा पट्टा मी स्वतः पाहिला. वरच्या अंगाचा पाहायचा राहिला. माझ्या मेव्हणीचं लग्न होतं, गाडीची घाई होती. 'काम पूर्ण' असं लिहून मी सही केली आणि गेलो. मजुरांनी वरचा पट्टा अर्ध्यावर सोडला होता, उद्या करू म्हणून.

लग्नाहून परतल्यावर मी दुपारी सेनगावात उतरलो. माळाच्या बाजूला धूर दिसला. जीप मिळाली, पोचलो. माळापलीकडं ज्ञानोबा नावाच्या शेतकऱ्याचं वावर होतं. तूर निघाली होती, पेरणीआधी धुरा, म्हणजे बांध, साफ करावा म्हणून त्यानं धुऱ्यावरचं गवत पेटवलं, आणि वारा उलटला. आग वरच्या अंगानं, नेमकी न काढलेल्या पट्ट्यातून आत आली. सगळा तांडा लिंबाचे ओले डहाळे घेऊन आग झोडपत होता. मीही डहाळा घेतला. दीड-दोन तास. खालचे चर आडवे आले म्हणून अर्धा माळ वाचला. वरचा अर्धा गेला.

आग विझत आली तेव्हा कळलं की झमकूबाई दिसत नाही. राखणदार ती, आग दिसल्याबरोबर सर्वांच्या आधी वर धावली होती. एका चरात सापडली. चरातल्या राखेखाली निखारे होते, त्यात तिचे पाय गेले होते. दोन्ही पावलं पोळलेली. मी आलो त्याच जीपमधून तिला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. वाटेत ती एवढंच विचारत होती, "बोरी गेल्या का?"

तिसऱ्या दिवशी मी तिच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसलो. बोलायचं ठरवूनच गेलो होतो.

"मावशी, वरचा पट्टा काढलेला नव्हता. मी न बघता सही केली."

"मला ठाव हाय."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"राखन माझी. मी बघितलं व्हतं. मजुरांला म्हन्ले, करा. ते म्हन्ले उद्या. तुमाला सांगावं म्हन्ले, तर तुमी लगनाला गेलेले." मग ती म्हणाली, "दोघांची बी चूक हाय. आता पानी द्या."

तिची पावलं भरून आली, पण डावा पाय कायमचा लंगडा राहिला. मी कार्यालयात लेखी कळवलं. मला ताकीद मिळाली, एक वेतनवाढ थांबली. तिच्या पायापुढं ते काहीच नव्हतं.

ज्ञानोबाला मारायला तांड्यातले चारजण निघाले होते. नाईकांनी त्यांना दारात अडवलं. संध्याकाळी ज्ञानोबा स्वतःच आला, एकटा, डोक्याला काही न बांधता. नाईकांनी त्याला पाणी दिलं.

"माझ्या हातून झालं नाईक. काय म्हनाल ते."

नाईक म्हणाले, "वारं तुज्या हातात न्हवतं. काडी व्हती. गुरांला आता चारा न्हाई आमच्या."

दुसऱ्या दिवशी ज्ञानोबानं दोन गाड्या कडबा तांड्यात आणून टाकला. पुढं पावसाळ्यापर्यंत आणखी तीन आणल्या. त्याचे स्वतःचे बैल त्या वर्षी हाडकले.

पाऊस पडल्यावर गवत परत आलं. गवताचं मूळ वाचलं की ते आग विसरतं. धावड्याच्या खुंटांनी पुन्हा फुटवे दिले. बोरींचं मात्र वाईट झालं. भरलेला डोळा जळला की वरचं उमराण संपतं. खालून जे येतं ते पुन्हा रानबोर, पुन्हा काटा. तीन वर्षांचं काम एका दुपारी रानटी झालं होतं. मी एका झाडापाशी उकिडवा बसून होतो. नाईक आले, त्यांनी खिशातून चाकू काढला, टोक अंगठ्यावर घासून पाहिलं.

"मूळ जित्तं हाय. भरा परत."

आम्ही परत भरले.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण चांगल्या वर्षांचं सांगण्यासारखं फार नसतं. हिंगोली जिल्हा झाला, माझी बदली वसमतकडं झाली, मी हट्ट्याला राहू लागलो. माळावरची सीताफळं टोपल्यांनी सेनगावला आणि हिंगोलीला जाऊ लागली. नरसीच्या रस्त्यावर तांड्यातल्या बायका बोरांचे वाटे लावून बसत. विहिरीचं पाणी चैत्रापर्यंत पुरू लागलं. आसपासच्या गावांतून गवताला मागणी आली. खुंट उपटलेला खालचा उतार मात्र सुधारला नाही. तिथं आजही बाभळीची चार झुडपं आहेत. बाकी मुरूम. कोणी पाहुणे माळ बघायला आले की तांड्यातले त्यांना तिकडून नेत नाहीत. माझी लाज राखायला नेत नाहीत, हे मला माहीत आहे.

मग एका वर्षी पाऊस हुकला. त्या उन्हाळ्यात मला हट्ट्याला निरोप आला. माळावर ठेकेदार आलाय, सागवान आणि धावडा बघून गेलाय, सोमवारी बैठक आहे.

झाडं आता मांडीएवढी झाली होती. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. सोमवारी पहाटेची गाडी धरली. हट्ट्याहून हिंगोली, हिंगोलीहून सेनगाव, पुढं जीप. सबंध वाटेत मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. मातीचं सांगायचं, विहिरीचं सांगायचं, पहिल्या तोडीची आठवण द्यायची. एकदोन वाक्यं तर डायरीत लिहून घेतली.

पोचलो तेव्हा लिंबाखाली सतरंजी टाकून सगळी नऊ घरं बसली होती. ठेकेदार खुर्चीवर. फुलसिंग नाईक आता म्हातारे झाले होते, डोळ्यांत मोतीबिंदू. बोलणं त्यांचा थोरला वसंत करत होता. मला रामराम झाला, चहा आला. मी बोलायला घसा साफ केला तर झमकूबाई म्हणाली, "सायब, बसा. आदी च्या प्या."

वसंतचं म्हणणं होतं, सगळं विकावं. त्याची मुलगी हिंगोलीला कॉलेजात होती, तिला पुढं शिकवायचं होतं. त्यात गैर काही नव्हतं. दोन-तीन घरांची मान हलली.

झमकूबाई म्हणाली, "एका खुंटाला दोन झाडं हायेत. मोठी सोयरीक आली म्हून दोन्ही पोरी एका मांडवात देती का कोनी? एक द्या. एक ठेवा."

"एकेकच तोडलं तर मला परवडत नाही," ठेकेदार म्हणाला. "घेतलं तर सगळं घेईन. माझी माणसं, माझी मशीन."

नाईक इतका वेळ काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. म्हणाले, "मशीन कुठं मारती? बुडात का वर?"

"जिथं सोयीचं पडेल तिथं."

"मंग न्हाई. जिमिनीलगत पायजे. तिरपा घाव पायजे, खुंटावर पानी थांबू नये. पानी थांबलं की खुंट कुजतो." त्यांनी हातातली काठी तिरपी धरून दाखवली. "एका खुंटावरचं एकच. तोडनार आमी. वसंता, सेनगावला गोठ्याला, छपराला बल्ल्या लागत्यात का न्हाई?"

"लागत्यात," वसंत म्हणाला. "पर येळ लागंल विकायला."

"लागू दे."

ठेकेदार अर्ध्या तासात गाडीत बसून गेला. सगळ्यांच्या मनासारखं झालं असं नाही. एक घर रुसलं होतं, वसंतही फार खूश नव्हता. पण ठरलं. माझा चहा केव्हाच संपला होता. मला कोणी काही विचारलं नव्हतं. आता तरी विचारतील म्हणून मी सावरून बसलो.

नाईकांनी मी बसलो होतो त्या दिशेनं तोंड केलं. "सायब, आलेच हाव तर एक काम करा. तोडीच्या परवान्याचा आर्ज लिवून द्या. आमच्या पोरांपरीस तुमचं आक्षर बरं हाय."

मी डायरीतलं मधलं पान फाडलं, मांडीवर ठेवून अर्ज लिहिला. खाली सह्या झाल्या, अंगठे झाले. झमकूबाई लंगडत आली, तिनं अंगठा उमटवला, शाई पदराला पुसली आणि म्हणाली, "निघा आता. पाचची जीप गेली तर सेनगावची गाडी गावनार न्हाई."

मी निघालो. हट्ट्याला पोचेपर्यंत अंधार पडला होता. बायकोनं विचारलं, "झालं का काम? काय बोललात?"

मी म्हटलं, "अर्ज लिहून दिला."